मोठ्या छिद्राचें झूम भिंग

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें काढण्याचें काम मजकडे होतें. दुसऱ्या दिवशीं एक गृहस्थ आपल्या मुलीचें चित्र मागावयास आले. ती कोळीनृत्यांत पहिल्या रांगेंत नाचली होती. मजजवळ तिचीं अकरा चित्रें निघालीं, आणि अकराही चित्रांत चेहऱ्याच्या जागीं केवळ एक धूसर पट्टा होता. ते कांहीं न बोलतां परत गेले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, भिंगाचा होता. आणि तें भिंग निवडणारा मीच होतों. यंदा एक विद्यार्थी व त्याचे वडील ‘कोणतें भिंग घ्यावें?’ असें विचारावयास आले, तेव्हां त्यांस जें सांगितलें तेंच येथें देतों.

कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः जें झूम भिंग मिळतें त्यावर १८-५५ आणि ३.५-५.६ अशा आंकड्यांच्या दोन जोड्या असतात. पहिली नाभीय अंतराची, मिलिमीटरमध्यें, दुसरी छिद्राची. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें असतां येणारा भागाकार तो हा आंकडा. म्हणून आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें. येथेंच पुष्कळांची गल्लत होते. दृश्य जवळ ओढावें तसें हें साधें भिंग ३.५ वरून ५.६ वर उतरतें, म्हणजे नेमकें हवें तेव्हां अंधारतें. मोठ्या छिद्राचें झूम भिंग मात्र सर्वत्र २.८ राहतें. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ५.६ ऐवजीं २.८ म्हणजे व्यास दुप्पट व प्रकाश चौपट. माझ्या चित्रांस सेकंदाचा तिसावा भाग लागत होता. चौपट प्रकाश असता तर सुमारें एकशेंविसावा भाग पुरला असता. भिंगांत स्थिरीकरणाची सोय असली कीं झालें, असें कांहीं दुकानदार सांगतात. ती सोय धरणाऱ्याच्या हाताचा कंप शोषते. नाचणाऱ्याचे पाय थांबवीत नाहीं!

अशीं भिंगें नवीं नव्हेत. छोट्या कॅमेऱ्यासाठीं १९५९ सालीं निघालेलें ‘झूमार’ हें पहिलें झूम भिंगही २.८ चेंच होतें. पण त्यांची किंमत खिशास व वजन मानेस जाणवतें. २०० मिलिमीटरवर २.८ साठीं छिद्राचा व्यास सुमारें ७१ मिलिमीटर लागतो, ४ साठीं ५० पुरतो. सारी कांच त्या मानानें वाढते. कॅननच्या ७०-२०० च्या एका २.८ भिंगाचें वजन सुमारें दीड किलो आहे. त्याच कंपनीचें ४ चें एक भिंग त्याच्या निम्मेंच भरतें.

शिवाय छिद्र मोठें केलें कीं स्पष्टतेची खोली घटते. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटर व २.८ घेऊन दहा मीटरवरील गायकवृंद टिपला, तर जेमतेम हातभर खोली स्पष्ट येते. पुढची रांग रेखीव, मागचीचे चेहरे पुसट. वर्गाच्या समूहचित्रास म्हणूनच ८ चा आंकडा बरा, आणि तो साध्या भिंगांतही असतो.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं आपलीं जुनीं चित्रें उघडावीं. प्रत्येक चित्राबरोबर नाभीय अंतर नोंदलेलें असतें. सारीं चित्रें ५० च्या आसपास असतील, तर झूमच नको. ५० चें, १.८ छिद्राचें स्थिर भिंग पुष्कळ स्वस्त पडतें व अधिक प्रकाश देतें. या मुलाचीं निम्मीं चित्रें २० च्या जवळ व निम्मीं ५० च्या जवळ निघालीं, आणि रंगमंचासमोर भिंग बदलण्यास सवड नसते. त्यास १७-५०, २.८ योग्य. भिंगाची बैठक आपल्या कॅमेऱ्याची आहे ना, एवढें विचारून घ्यावें.

नवें परवडत नसल्यास जुनें घेण्यास हरकत नाहीं. परंतु आपल्याकडील पावसाळी दमटपणानें भिंगांत बुरशी धरते व कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. एका बाजूनें विजेरी धरून दुसरीकडून पाहिल्यास ती दिसते. त्या पितापुत्रांनीं एक जुनें भिंग पाहून ठेविलें आहे. येत्या शनिवारीं विजेरी घेऊन मीही त्यांच्याबरोबर जाणार आहें.