खोकडाच्या दाढा आणि शिवालिकचा कोल्हा

जळगावातल्या मेहरूणच्या बोरांची गोडी फक्त माणसालाच आहे असे नाही. माळावरचे खोकड उंदीर, टोळ, वाळवी खाते, तशीच झाडाखाली गळलेली बोरेही खाते. मांसाहारी गणातल्या प्राण्याला हे साधते ते दाढांमुळे. एक दाढ कात्रीसारखी मांस कापते, तिच्यामागच्या दाढा दळतात. दातावरचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. त्यामुळे बाकीची हाडे नष्ट झाली तरी दाढा उरतात आणि त्यांवरून नामशेष प्राण्याचे खाणे, कूळ ओळखता येते. कवटी मिळाली तर भाग्यच! डोळ्यावरच्या हाडाच्या टोकाला खोकडात उथळ खळगा असतो, लांडग्यात तिथे फुगवटा.

शिवालिकच्या टेकड्यांनी असे भाग्य दिले. तिथून ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेले जीवाश्म प्रमथनाथ बोस या पंचविशीतल्या बंगाली अभ्यासकाने लंडनमध्ये तपासले आणि १८८० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात कोल्ह्याच्या बांध्याच्या एका प्राण्याला ‘कॅनिस कर्व्हिपॅलेटस’ हे नाव दिले. त्याला कोणत्या प्रजातीत बसवायचे यावर पुढे मतभेद झाले. नंतर बोस यांनी जळगावच्या उत्तरेकडच्या नर्मदा खोऱ्याचेही सर्वेक्षण केले. मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल जमशेटजी टाटांना त्यांनी लिहिलेले पत्र सर्वांना ठाऊक आहे, हा कोल्हा मात्र विस्मरणात गेला. तो पाठ्यपुस्तकात यायला हवा.

मग असा जीवाश्म जळगावात का नाही? मेहरूणखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खोकड, कोल्हा, लांडगा यांच्या श्वानकुळाचा उदय उत्तर अमेरिकेत सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचा. या कुळाचे प्राणी आशिया-आफ्रिकेत पोहोचले ते फार उशिरा. आफ्रिकेतल्या चाड देशातला ‘व्हल्पिस रिफौटी’ हा कोल्हा सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा खडकात शोधणे व्यर्थ.

आशा आहे ती नदीकाठच्या गाळात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे सु. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कोरीव कवचे मिळाली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. शहामृग इथे होते हे ठरले ते या तुकड्यांवरून.

तापी, गिरणा, वाघूरच्या दरडीत दगडासारखे जड हाड किंवा दाढ दिसली तर उकरू नका. जागेसह फोटो काढा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.