ॲटिपिकल टेराटॉइड रॅब्डॉइड ट्यूमर

ॲटिपिकल टेराटॉइड रॅब्डॉइड ट्यूमर (संक्षेप: एटीआरटी) हे मेंदूत व क्वचित मेरुरज्जूत उद्भवणारे दुर्मिळ आणि अतिशय वेगाने वाढणारे अर्बुद आहे. ते बहुधा तीन वर्षांखालील बालकांत आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची गणना चौथ्या, म्हणजे सर्वांत घातक श्रेणीत होते.

विकृतिविज्ञान

या अर्बुदातील काही पेशी स्नायुपेशींसारख्या दिसतात. त्यांना रॅब्डॉइड पेशी म्हणतात. त्यांचे केंद्रक एका कडेला सरकलेले व केंद्रकी ठळक असते. मात्र अनेकदा अर्बुदाचा मोठा भाग लहान, अविकसित पेशींचाच असतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांतील अधिक परिचित अर्बुदासारखे भासते व निदानात गल्लत होऊ शकते.

रोगाचे मूळ बहुतेक वेळा २२व्या गुणसूत्रावरील एसएमएआरसीबी१ या जनुकात असते. पेशींच्या वाढीला आवर घालण्यास मदत करणारे आयएनआय१ हे प्रथिन या जनुकापासून बनते. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की प्रथिन नाहीसे होते.

निदान

वारंवार उलट्या, चिडचिड, तोल जाणे, मान तिरकी धरणे, तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर झपाट्याने वाढणे ही संभाव्य लक्षणे होत. एमआरआय चित्रणातून अर्बुदाची जागा व प्रसार कळतो; परंतु प्रकार निश्चित होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतकाची तपासणी आवश्यक असते.

या ऊतकावर आयएनआय१ ओळखणाऱ्या प्रतिपिंडाची प्रक्रिया करतात. रक्तवाहिन्यांच्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी रंग घेतात, अर्बुदपेशींची मात्र घेत नाहीत. निरोगी पेशींनी रंग घेतल्यामुळे चाचणी नीट झाल्याची खात्री पटते. अशा रीतीने येथे प्रथिनाचा अभाव हाच निदानाचा पुरावा ठरतो. क्वचित आयएनआय१ शाबूत असून एसएमएआरसीए४ हे दुसरे जनुक निकामी असते. मेंदूभोवतीच्या द्रवातून रोग पसरू शकत असल्याने संपूर्ण पाठीच्या कण्याचे चित्रण व त्या द्रवाची तपासणीही करतात.

अचूक निदानाचे महत्त्व

मेड्युलोब्लास्टोमा व एटीआरटी यांची उपचारपद्धती वेगवेगळी आहे. शिवाय काही बालकांत जनुकीय दोष जन्मतःच सर्व पेशींत असतो. अशा बालकांना मूत्रपिंडासह अन्य अवयवांतही रॅब्डॉइड अर्बुद होण्याचा धोका असतो. म्हणून कुटुंबाला जनुकीय समुपदेशन दिले जाते. महाराष्ट्रात मुंबईतील परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे बालकांच्या कर्करोगाच्या निदानाचे व उपचाराचे प्रमुख केंद्र आहे.