ग्राउंडची खूण विसरा, सिग्नलची वाट धरा

अँप्लिफायरची आकृती समोर आली की नवखा माणूस आधी ग्राउंडची खूण शोधतो. ट्रान्झिस्टरचा जो पाय तिथे टेकलेला, तो ‘कॉमन’, असा त्याचा हिशेब. एमिटर फॉलोअर पाहिला की हा हिशेब कोसळतो. तिथे कलेक्टर चक्क बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो, तरी ती रचना कॉमन कलेक्टरच!

कारण सिग्नलला आकृती वेगळीच दिसते. बॅटरीचे व्होल्टेज सिग्नलबरोबर वरखाली होत नाही, त्यामुळे धन टोकही सिग्नलपुरते ग्राउंडच. कपॅसिटरचेही तसेच. 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बॅटरीची एकदिश धारा अडवतो, पण 1 किलोहर्ट्झच्या सिग्नलला त्याचा विरोध जेमतेम 16 ओहम. कागदावर अधांतरी वाटणारा बेस अशा कपॅसिटरने ग्राउंडला बांधलेला असू शकतो.

तेव्हा सिग्नल कोणत्या पायात शिरतो आणि कोणत्या पायावरून निघतो, एवढे पाहावे. उरला तो सामाईक. बेसमधून शिरून कलेक्टरवरून निघाला तर कॉमन एमिटर, एमिटरवरून निघाला तर कॉमन कलेक्टर. एमिटरमधून शिरून कलेक्टरवर आला तर कॉमन बेस. 1947 च्या डिसेंबरात बेल लॅब्समध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी चालवून दाखवलेला पहिला ट्रान्झिस्टर याच पद्धतीने जोडलेला होता. कलेक्टरमध्ये सिग्नल घालण्याच्या किंवा बेसवरून काढण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.

जास्त घोळ होतो तो एमिटरखालच्या रेझिस्टरमुळे. तो असला तरी नाव कॉमन एमिटरच राहते. बदलते ते काम. कलेक्टरला 4.7 किलोओहम, एमिटरला 1 किलोओहम, धारा 1 मिलिअँपिअर आणि पुढे काहीही जोडलेले नाही, असे धरू. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर मोठा कपॅसिटर असेल तर सिग्नल सुमारे 180 पट होतो. तो कपॅसिटर काढला की पाचपटही नाही. म्हणून नाव ओळखून थांबणारा विद्यार्थी मला अर्धाच पास वाटतो.

कॅस्कोडमध्ये तर दोन ट्रान्झिस्टर एकावर एक काढलेले असतात. खालच्याच्या बेसमधून शिरलेला सिग्नल त्याच्या कलेक्टरवरून वरच्याच्या एमिटरमध्ये जातो आणि वरच्या कलेक्टरवरून बाहेर पडतो. म्हणजे खाली कॉमन एमिटर, वर कॉमन बेस. वरचा ट्रान्झिस्टर खालच्या कलेक्टरचे व्होल्टेज फारसे हलू देत नाही, त्यामुळे तिथल्या कलेक्टर-बेसमधली इवलीशी धारिता उच्च वारंवारतेला फारशी आडवी येत नाही.