भयकथेचा वाचक कसा जमला

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून भुताखेतांच्या पुस्तकांविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धारिष्टच आहे. ज्या जिल्ह्यातील नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यात उभे राहून पिशाच्चांच्या कादंबऱ्यांवर एक संध्याकाळ खर्ची घालावी हे काही श्रोत्यांस रुचणार नाही. परंतु माझा विषय भुते हा नाही, वाचक हा आहे. विखुरलेली माणसे एकत्र कशी येतात हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली; साखर कारखान्याच्या फाटकापाशी आणि विडी कामगारांच्या वस्तीत. आणि या तीस वर्षांत मला एक संघटना अशी आढळली की जिला कचेरी नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, आणि तरीही तिचे सभासद एकमेकांस दोन वाक्यांत ओळखतात. ती म्हणजे नारायण धारप यांच्या वाचकांची.

धारप यांचा जन्म १९२५ चा आणि मृत्यू २००८ चा. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. भयकथा आणि विज्ञानकथा या दोन प्रांतांच्या सीमेवर त्यांनी आपले घर बांधले. 'समर्थ' नावाचा एक पुरुष त्यांनी उभा केला. त्याच्या कथा सांगणारा अप्पा नावाचा एक साधा गृहस्थ त्याच्या शेजारी बसविला. आणि ही जोडी पुस्तकामागून पुस्तके चालत राहिली. इंग्रजीत ज्याला मालिका म्हणतात आणि ज्याच्यावर आज चित्रपटवाले कोट्यवधी रुपये लावतात, ती वस्तू मराठीत अशी कागदावर, स्वस्त बांधणीत तयार झाली.

जमीन मात्र आधीच नांगरलेली होती. १९०० च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत आणली होती. पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळा पहाड यांनी, ज्यांच्या घरात दुसरे एकही पुस्तक नव्हते अशा हजारो लोकांना वाचनाची चटक लावली. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी' यांच्या जोडीला 'नवल' हे मासिक काढले आणि गूढ, अद्भुत, चमत्कारिक अशा कथेला नीटनेटके घर दिले. अर्नाळकरांचा वाचक आणि 'नवल'चा वाचक हे दोन निराळ्या आळींतले लोक होते. धारपांनी या दोन्ही आळींतून माणसे उचलली, असे मला वाटते.

आता मुख्य प्रश्न. हे वाचक जमले कुठे? माझे उत्तर असे की, ते पुस्तकांच्या दुकानात जमले नाहीत. आमच्या शहरात १८३८ पासूनचे जिल्हा वाचनालय आहे, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण भयकथेचा वाचक बहुतेक करून घडला तो भाड्याने पुस्तके देणाऱ्या खासगी लायब्ररीत. एक गाळा, कधी कधी नुसता जिना आणि त्याखालची जागा. भिंतीभर फळ्या. अनामत दहा रुपये आणि भाडे रोजचे पंचवीस पैसे, असा माझ्या लहानपणीचा दर आठवतो. मालक नवे पुस्तक आले की प्रथम त्याचे मूळ वेष्टन काढी, पुठ्ठा घालून दाभणाने शिवी, वर खाकी कागद चढवी आणि पाठीवर शाईने नाव लिही. त्यामुळे आम्हां पोरांना धारपांच्या पुस्तकांवरची चित्रे कशी होती ते पुष्कळ वर्षे ठाऊकच नव्हते. आमचे भूत खाकी कागदातले.

भाडे रोजचे असल्याने पुस्तक एका रात्रीत संपविणे भाग असे. ही बाब क्षुल्लक नव्हे. भयकथा एका बैठकीत, दिवा कमी करून, घरचे झोपल्यावर वाचली तर तिचा जो परिणाम होतो तो चार दिवस तुकड्या-तुकड्यांनी वाचून होत नाही. पंचवीस पैशांच्या दराने वाचकाला अगदी योग्य रीतीने वाचावयास लावले. त्यातून एकच प्रत शेकडो हातांतून जाई. प्रत्येक हात तिच्यावर काहीतरी ठेवून जाई. समासात पेन्सिलीने शेरे असत : "रात्री वाचू नये", "जावयावर लक्ष ठेवा", आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, "मूर्खा, शेवट का सांगितलास?" एखाद्या प्रतीची शेवटची चार पाने गळून गेलेली असत. मग काय करावयाचे? ज्याने आधी वाचले असेल त्याला गाठून विचारावयाचे. तो सांगणारा कधी शाळेचा शिपाई असे, कधी एस.टी.चा वाहक, कधी कापड दुकानातला नोकर. त्याने शेवट सांगावा, आपण दुसऱ्या पुस्तकाचा शेवट त्याला सांगावा, आणि अशी ओळख व्हावी. गळलेल्या पानांनी जितके वाचक एकत्र आणले तितके कोणत्याही जाहिरातीने आणले नसतील.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी धारपांचे पुस्तक मागितले तेव्हा "असले आम्ही ठेवत नाही" असे उत्तर मिळाले, आणि वर "काही चांगले वाच" असा उपदेश मिळाला. तो देणारे गृहस्थ सज्जन होते. पण चौदा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच कळले की, आपल्याला आवडते ते चांगले नसते. पुष्कळ मुले त्यानंतर त्या दारात गेली नाहीत.

वाचणाऱ्यांइतकेच ऐकणारेही यात होते, आणि त्यांचा उल्लेख कोणी करीत नाही. क्यूबा देशात चिरूट वळणाऱ्या कामगारांनी एकोणिसाव्या शतकातच अशी प्रथा पाडली की, कारखान्यात उंच आसनावर एक वाचक बसावा, त्याने मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचाव्यात, आणि त्याचा पगार कामगारांनी वर्गणीतून द्यावा. 'माँटेक्रिस्टो' या चिरुटाचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले, ते याच ऐकण्यातून. केरळात कण्णूरकडील विडी कामगारांतही असे वाचन होत असे. विडी वळताना हात गुंतलेले असतात, डोळे सुपावर असतात, पण कान मोकळे असतात. आमच्याकडे विडीचे काम मोठ्या प्रमाणात घराघरांतून, बायकांच्या हातून झाले. तिथे आसन आणि पगार कुठला! पण शाळेत जाणारे एखादे पोर ओट्यावर बसून मोठ्याने वाचत आहे आणि चार-सहा जणी विड्या वळीत ऐकत आहेत, हे मी पाहिले आहे. त्यातल्या काही जणींची घरची भाषा तेलुगू. मराठी कानावर पडून शिकलेल्या. त्यांना अप्पा आणि समर्थ नावाने माहीत होते. गोष्ट रंगात आली की हात मंदावत, आणि मग त्यांच्यातलीच एखादी म्हातारी म्हणे, "भूत राहू दे बाजूला, आधी हजार भरू दे."

समर्थकथाच का धरून ठेवीत? एक तर त्यात भय घरात येते. विलायती भयकथेतला किल्ला, धुके, सरदार हे आपल्या ओळखीचे नव्हेत. धारपांचे संकट वाड्याच्या माजघरात, बदली होऊन भाड्याने घेतलेल्या घरात, मामाकडून वारशाने आलेल्या ट्रंकेत असते. दुसरे असे की, त्यांची दुष्ट शक्ती ही पुष्कळदा मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा नसतेच. ती बाहेरून आलेली असते, आपल्या तीन मितींच्या पलीकडच्या कुठल्यातरी प्रदेशातून. आणि माणसाने लोभाने किंवा नसत्या कुतूहलाने दार उघडल्याखेरीज ती आत येत नाही. अमेरिकेत हॉवर्ड लव्हक्राफ्ट या लेखकाने ही कल्पना १९२० नंतरच्या काळात 'वीअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त मासिकातून मांडली होती. तो १९३७ साली निर्धन अवस्थेत वारला. त्याची पुस्तके जगली ती ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वांड्रेई या दोन चाहत्यांनी १९३९ साली त्यांसाठी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली म्हणून. चाहता म्हणजे नुसता टाळ्या वाजविणारा नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

विज्ञानकथेला मात्र आपल्याकडे पुढच्या दाराने प्रवेश मिळाला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि लेखक जयंत नारळीकर निघाले. ते योग्यच झाले. पण परग्रह, काळ, मिती हे शब्द खाकी कागदातल्या पुस्तकांतून मागच्या दाराने अगोदरच घराघरांत शिरलेले होते, त्याची नोंद कोण घेणार? धारपांची 'नेनचिम' वाचलेला माझा एक सहकारी फिटर होता. त्याने नारळीकर नंतर वाचले आणि त्याला ते अवघड गेले नाहीत.

धारपांच्या हिशेबात एक रकाना मात्र असा आहे की, तो मी झाकणार नाही. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर उभी आहे. 'शपथ' ही त्याच्याच 'इट'वर. 'आजी' ही कथाही त्याच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. नगरच्या वाचकाला किंग कोण हे ठाऊक नव्हते, आणि जगातली उत्तम भयकथा त्याच्या हाती मराठी लुगडे नेसून आली, हा त्याचा लाभच झाला. परंतु ज्याने मूळ श्रम केले त्याचे नाव ठळकपणे सांगावे, हा मजुरीचा साधा नियम आहे. तो कारखान्यात जसा लागू, तसा लेखनातही. एवढे म्हणून मी पुढे जातो. कारण लुगडे नेसविणे हेही कसबाचे काम आहे आणि ते धारपांइतके सफाईने फार थोड्यांना साधले.

जगात या प्रकारची सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे 'एलियन'. १९७९ साली रिडली स्कॉट यांनी तिचा पहिला चित्रपट केला. माझ्यासारख्याला तो पाहताना जे दिसते ते इतरांस दिसत नसेल. त्या अंतराळयानावरची सात माणसे वीर नाहीत, शास्त्रज्ञांचे पथकही नव्हे. ते मालवाहू जहाजावरचे नोकर आहेत. यंत्रखान्यातले दोघे, पार्कर आणि ब्रेट, आरंभापासून एकच तक्रार करतात : आम्हांला इतरांइतका हिस्सा का नाही? आणि पुढे उघड होते की कंपनीला तो भयंकर प्राणी जिवंत हवा आहे, आणि त्यासाठी नोकर मेले तरी चालतील असा हुकूम आधीच देऊन ठेवला आहे. माझ्या मते त्या चित्रपटाचे खरे भय तो हुकूम आहे. प्राणी काय, त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतो.

आता सर्वांत अवघड मुद्दा. "असली पुस्तके वाचून अंधश्रद्धा वाढत नाही काय?" हा प्रश्न मला अभ्यासवर्गात विचारला गेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा राज्याला मिळाला. मी स्वतः अशा वस्तीत काम केले आहे जिथे बायको तापाने फणफणलेली असताना नवऱ्याने उचल घेतलेले पैसे देवऋषीला नेऊन दिले. ती बाई वाचली, पण सरकारी दवाखान्यात, चार दिवस उशिरा. तेव्हा भुताच्या गोष्टीचा चाहता म्हणून मला उत्तर देणे आहे.

माझे उत्तर दोन भागांत आहे आणि ते दोन भाग एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. पहिला भाग असा : पंचवीस पैसे देऊन भय विकत घेणाऱ्याला ते सकाळी परत करावयाचे असते हे ठाऊक असते. देवऋषीच्या दारी गेलेल्याला ते ठाऊक नसते. गोष्टीत घाबरणे ही एक तालीम आहे, आणि माझ्या पाहण्यातले पुष्कळ धारपवाचक प्रत्यक्षात भानामतीची गोष्ट निघाली की, "दाखव कुठे आहे" म्हणणारे निघाले. कारण त्यांना गोष्ट कशी रचतात हे कळू लागलेले असते. दुसरा भाग असा : समर्थ हा पुरुष साधनेच्या बळावर संकट निवारतो. म्हणजे वाईट मांत्रिकाला उत्तर म्हणून चांगला मांत्रिक. हे बीज वाचकाच्या मनात पडत नाही असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. ज्या घरात समर्थकथा जातील त्या घरात दवाखान्याचा रस्ताही ठाऊक असावा, म्हणून आमच्या वर्गात मी दोन्ही ठेवीत आलो : आधी कथा वाचावयाची, मग सर्पदंश झाल्यास काय करावे ते बोलावयाचे. कथेच्या निमित्ताने माणसे येतात. नुसत्या सर्पदंशाला येत नाहीत.

भाड्याच्या लायब्ऱ्या दूरदर्शन आणि नंतर केबल आल्यावर एकेक करून मिटल्या. वाचक मात्र मिटले नाहीत, हे १२ ऑक्टोबर २०१८ रोजी कळले. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' त्या दिवशी प्रदर्शित झाला. धारपांची एक कथा मित्राच्या तोंडून अभयारण्यात ऐकली, तिथून आपला चित्रपट सुरू झाला, असे बर्वे यांनी सांगितले आहे. म्हणजे तोही ऐकण्याचाच वंश. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून घेतले, आणि कथा १९१८ पासून १९४७ पर्यंतच्या लोभाची : बापाने मुलाला सोन्याची नाणी चोरण्याचा धंदा शिकवावा, अशी. प्रथम त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. पण सहा वर्षे लोकांनी तो एकमेकांस सांगितला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न झाले. झी मराठीवर २०१८ सालीच 'ग्रहण' ही धारपांच्या कादंबरीवरची मालिका येऊन गेली होती.

रोहन प्रकाशनाने अलीकडे धारपांची निवडक पुस्तके नव्याने छापली आहेत, चित्रांच्या वेष्टनासह. ज्यांस आरंभ करावयाचा असेल त्यांनी प्रथम समर्थांच्या लहान कथा घ्याव्यात, एका रात्री एक. 'चंद्रविलास' आणि '४४० चंदनवाडी' त्यानंतर. आणि 'शपथ' सुट्टी असेल तेव्हाच, कारण ती एका रात्रीत संपत नाही. आपल्या शेजारपाजारच्या एखाद्या साठी उलटलेल्या गृहस्थास सहज विचारून पाहावे. जुनी खाकी प्रत त्यांच्या माळ्यावर निघण्याचा संभव आहे, आणि तिची शेवटची पाने नसतील तर शेवट तेच सांगतील.