मासवडी : सर्वांची एक पंगत

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. जुन्नर तालुक्यातील वडज व धामणखेल आणि आंबेगाव तालुक्यातील धामणी येथील खंडोबाच्या देवस्थानांत या दिवशी भंडारा उधळला जातो. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि चातुर्मासात वर्ज्य केलेला कांदा-लसूण अनेक घरांत पुन्हा चुलीपाशी येतो.

सणासाठी लेकी-जावई जमले, की दुसऱ्या दिवशीच्या बेताचा पेच उभा राहतो. धाकट्यांना तिखटाची ओढ, तर वडीलधाऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मटण शिजले, तर माळकऱ्यांचे पान निराळे मांडावे लागते. एकत्र आलेले कुटुंब नेमके जेवतानाच दुभंगते.

सह्याद्रीखाली रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा व कोंबडी एकाच मडक्यात भाजून पोपटी करतात. घाटावरील आमच्या गृहिणींनी मात्र निराळी वाट काढली. त्यांनी चणाडाळीचे पीठ घेतले आणि सामिषाचे केवळ नाव ठेवले. कापलेल्या वडीचा आकार माशासारखा, म्हणून ती मासवडी!

तेलात वाटलेली मिरची-लसूण परतून, हळद-मीठ घालून वाटीभर बेसनास दीड ते दोन वाट्या पाणी उकळावे. बेसन वैरून, गुठळी न होऊ देता घोटावे व घट्ट वाफ आणावी. भाजलेले तीळ, सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण व कोथिंबीर यांचे सारण आधीच सिद्ध असावे. पीठ गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापावे. निवले की ते चिरते. मधोमध सारण भरून फडक्याच्या साहाय्याने दोन्ही कडा मिटवाव्यात, वरून दाबून कणा काढावा आणि निवल्यावर वड्या कापाव्यात.

कोरडी वाढली तर ही वडी तोंडीलावणे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या रश्शासवे बाजरीच्या भाकरीशी घेतली, तर पोटभर जेवण. वड्या रश्शात शिजवू नयेत, त्या फुटतात. पानात वाढतानाच रस्सा घालावा.

रश्शाचा झणका धाकट्यांना तृप्त करतो आणि आजीच्या माळेलाही बाध येत नाही. पान वेगळे मांडण्याची वेळच येत नाही. कुलदैवतापुढे एकत्र हात जोडणाऱ्या घराने एकाच पंगतीत जेवावे, हाही सणाचा एक नैवेद्यच आहे, असे आम्ही मानतो.