नखाला विचारा

सकाळी पोळ्या लाटताना गल्लीत "अटालाऽऽ, रद्दी, पेप्पर" अशी हाक आली, की माझं लाटणं थांबतं. आमच्या अन्नपूर्णा भागातला अटालेवाला आता मला ओळखतो. काचेची जुनी बाटली दिसली, की हातगाडी आमच्या फाटकाशी उभी करतो.

या नादाचं मूळ सासऱ्यांची बाटली. ते इंदूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीची काच फिकट हिरवी, आत बारीक बुडबुडे, अंगावर कातरलेली कागदी पट्टी. एक खाच म्हणजे एक डोस.

जुनी बाटली हाती आली, की मी आधी नखाला विचारते. साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर बारीक रेघ उठते. ही तिची शिवण. नख बुडापासून वर न्यायचं. शिवण मानेवरच विरली, तर बाटली साच्यात तोंडाने फुंकलेली आणि ओठ नंतर हाताने घडवलेला. शिवण ओठावर चढली, तर बहुधा यंत्राचं काम. बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास आणलं.

मग बूड पाहायचं. ओठ घडवताना बाटली बुडाकडून लोखंडी सळईला चिकटवून धरत आणि नंतर तोडून घेत. त्याचा खरखरीत वण राहतो. पाश्चात्त्य देशांतल्या साध्या बाटल्यांवरून तो १८६०-७० च्या सुमारास दिसेनासा होत गेला.

रंगावर मात्र भाळू नये. हिरवी झाक वाळूतल्या लोहाची. ती घालवायला मँगनीज टाकत, आणि तशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. एकाने "सव्वाशे साल पुरानी" म्हणून जांभळी बाटली माझ्या गळ्यात मारली होती. घरी येऊन नख फिरवलं, तर शिवण थेट ओठावर!

परदेशी पुस्तकांतली सालं आपल्याकडे जशीच्या तशी लागूही पडत नाहीत. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा १९१६ चा. फिरोजाबादेत तर आजही कारागीर काच तोंडाने फुंकतात. शिवण घडण सांगते, साल नव्हे. गाव कळायला काचेत उठवलेलं नाव किंवा बुडावरची खूण लागते.

सासऱ्यांच्या बाटलीवर यातलं काहीच नाही. शिवण मानेवर थांबते, बूड गुळगुळीत. अंगावर चिकटून उरलेल्या दवाखान्याच्या चिठ्ठीच्या तुकड्यावर 'होळकर' एवढंच वाचता येतं. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं, तेव्हा चिठ्ठी बहुधा त्याआधीची. पण त्या काळी रोगी घरचीच बाटली घेऊन दवाखान्यात जायचे, म्हणजे बाटली चिठ्ठीहून जुनी असू शकते.

किती जुनी, ते सासूबाईंनी सहज सांगून टाकलं होतं. "अगं, माझ्या लग्नातलं गुलाबपाणी हिच्यातच तर आलं होतं!" लग्न १९४१ चं. वहीत मी तेच साल लिहिलंय, पुढे 'किंवा आधी' जोडून.