बोटावरची नाडी, मोबाईलवरचा आकडा

अभियांत्रिकीत बिनतारी संदेशवहन हा विषय बऱ्याचदा फळ्यावरच संपतो. तो रुग्णाच्या खाटेपाशी नेला, तर विद्यार्थ्यांना कितीतरी जास्त उमगेल.

पल्स ऑक्सिमीटरचेच पाहा. त्यामागचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून सोडतात. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि त्यावरून रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण कळते. स्वस्त सेन्सर आणि ब्लूटूथ असलेला छोटा बोर्ड जोडून विद्यार्थी हे आकडे मोबाईलवर आणू शकतात.

अवघड प्रश्न त्यानंतर येतात. बोट हलले की आकडा भरकटतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातले पाणी शोषून घेते, त्यामुळे रुग्ण कुशीवर वळला तरी जोडणी तुटू शकते. बॅटरी रात्रभर टिकेल का? रुग्णाची माहिती वाटेत कोणी वाचली तर? शिवाय गडद त्वचेवर हे यंत्र प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हे माहीत असायलाच हवे.

यातले बरेच प्रश्न परिचारिकेला आधी सुचतात, अभियंत्याला नंतर. आयआयटी मुंबईतले ‘बेटिक’ केंद्र २०१४ पासून अभियंते आणि डॉक्टरांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणे घडवते आहे. इतर महाविद्यालयांनीही जवळच्या रुग्णालयाशी असे नाते जोडावे, आणि प्रकल्पाला गुण देताना तिथल्या डॉक्टरांचे व परिचारिकांचे मत जरूर घ्यावे.